कर्कश सायलेन्सर आणि स्वाराची सुरक्षितता

सोलापूरच्या नवी पेठेसारख्या गजबजलेल्या बाजारपेठेत पादचारी, रिक्षा आणि दुचाकी एकाच रस्त्यावर दाटीने वावरतात, त्यामुळे मोठ्या आवाजाने इतर चालक सावध होतात हा सायलेन्सर बदलणाऱ्यांचा युक्तिवाद सकृद्दर्शनी पटण्याजोगा वाटतो. मात्र सायलेन्सरचे तोंड मागे असल्याने त्याचा आवाज मुख्यतः मागे पसरतो, तर स्वाराला धोका बहुधा समोरून येतो. लॉस एंजेलिस परिसरातील 900 अपघातांची जागेवर जाऊन पाहणी करणाऱ्या हॅरी हर्ट यांच्या 1981 सालच्या अहवालातही दुचाकी वेळेत न दिसणे हेच टकरींचे प्रमुख कारण आढळले. भारतात 2017 पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा सतत पेटता ठेवण्यात आला, तो याच विचाराने.

डेसिबल, म्हणजे ध्वनीची पातळी मोजण्याचे एकक, दहाने वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते. व्यापारी क्षेत्रात दिवसाची मर्यादा 65 डेसिबल असताना फटाक्यासारखा कडाडणारा सायलेन्सर दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या दुकानदाराच्या कानांवर उघड अन्याय करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 नुसार ध्वनिमर्यादा मोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि ही तरतूद रास्तच आहे. स्वाराचे खरे संरक्षण हेल्मेट, चालू दिवा आणि आटोक्यातला वेग हेच करतात.