विहिरीतला दम आणि समुद्रातला श्वास : स्कुबा शिकताना सोबत का लागते?

अकलूजहून बोलतोय. आजचा विषय आहे स्कुबा डायव्हिंग. हे ऐकून तुमच्यातले निम्मे म्हणणार, "अरे, अकलूजात समुद्र कुठंय?" बरोबर आहे. आपल्याकडे नीरा आहे, कालवे आहेत, उसाला पाणी देणाऱ्या विहिरी आहेत. समुद्र मात्र खूप लांब, घाट उतरून खाली. तरी हल्ली मालवणला जाऊन आलेल्या पोरांचे पाण्याखालचे व्हिडिओ प्रत्येकाच्या स्टेटसला दिसतात. मग व्हॉइस नोट येते, "हे नीट शिकायचं असेल तर काय करायचं?"

माझं थोडक्यात उत्तर असं : कोर्स इन्स्ट्रक्टर शिकवतो, पण पुढचं बरंच काही इतर डायव्हरकडून शिकावं लागतं. आणि आपल्यासारख्या समुद्रापासून लांबच्या माणसांना असे डायव्हर बहुतेक वेळा मोबाईलवरच भेटतात.

स्टेटसवरचं स्कुबा आणि शिकायचं स्कुबा

मालवणात पर्यटक जी डाइव्ह करतात, तिच्यात इन्स्ट्रक्टर तुम्हाला मागून धरून नेतो. उपकरणं तोच सांभाळतो. अनुभव म्हणून मस्त, पण ते शिक्षण नव्हे. शिकायचं असेल तर 'ओपन वॉटर' नावाचा कोर्स असतो. आधी थिअरी, जी आता घरी बसून फोनवर करता येते. मग तलावातला सराव आणि शेवटी समुद्रात ४ डाइव्ह. तो झाला की १८ मीटरपर्यंत जायची परवानगी मिळते, तीही जोडीदारासोबत. तारकर्लीला आपल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं प्रशिक्षण केंद्रच आहे.

कोर्सला पोहण्याची परीक्षा असते : २०० मीटर न थांबता पोहणं आणि १० मिनिटं पाण्यावर तरंगणं. वेळेची अट नाही, पोहण्याची पद्धतही कुठलीही चालते. विहिरीत पोहायला शिकलेल्या गड्याला हे जड नाही. त्याची खरी अडचण पुढे आहे.

दम धरायची सवय

आपण विहिरीत कसे शिकलो? कमरेला दोर, पाठीवर वाळलेला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा, आणि काठावर दोर धरून कुणीतरी काका. मग एकेक करत भोपळा सुटला आणि पैजा सुरू झाल्या : तळाचा दगड कोण आणतो, जास्त वेळ दम कोण धरतो.

स्कुबात नेमका हाच दम घात करतो. कसा ते बघा. पाण्याखाली १० मीटरवर, म्हणजे साधारण ३३ फुटांवर, दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. विहिरीत बुडी मारताना हवा आपण वरूनच छातीत भरून नेतो. खाली ती आक्रसते, वर आलं की पहिल्याइतकी होते. स्कुबात मात्र आपण टाकीतली हवा खालीच, तिथल्या दाबानं घेतो. ती छातीत कोंडून वर आलो तर फुगून दुप्पट व्हायला बघते. फुप्फुस फाटू शकतं, जिवावर बेतू शकतं. म्हणून पहिला नियम : श्वास कधीच रोखायचा नाही.

हे पुस्तकात लिहिलेलं असतंच. पण मास्कमध्ये अचानक पाणी शिरलं की विहिरीवरचा गडी आपोआप दम धरतो आणि वर धाव घेतो, ही खूणगाठ मला दिली ती विहिरीतच पोहायला शिकलेल्या दुसऱ्या एका डायव्हरनं. त्याचा उपायही साधा होता : इन्स्ट्रक्टर शेजारी असताना, तलावाच्या उथळ बाजूला मास्क पाण्यानं भरू द्यायचा आणि नाक विसरून तोंडानं निवांत श्वास घेत राहायचं. कंटाळा येईपर्यंत.

काठावरच्या काकांच्या जागी बडी

विहिरीवर दोर धरणारा असतो, तसा समुद्रात 'बडी' असतो. उतरण्याआधी दोघं एकमेकांचं सामान तपासतात : जॅकेटमध्ये हवा भरते आणि सुटते का, वजनाचा पट्टा नीट आहे का, बकलं कुठली आणि कशी सुटतात, टाकी पूर्ण उघडी आहे का, हवा किती आहे. खाली एकाची हवा संपली तर दुसऱ्याकडे जादा नळी असते.

बोलणं सगळं हातानं. एक गंमत लक्षात ठेवा : फोनवर आपण अंगठा दाखवतो तो 'छान' म्हणून. पाण्याखाली वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ 'वर चल'! 'ठीक आहे' म्हणायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा.

आता अकलूजात बडी कुठून आणायचा? इथं फोन कामाला येतो. पुणे, कोल्हापूर, सोलापूरचे शिकाऊ ग्रुपवर ओळखी करतात, तारखा जुळवतात, गाडी वाटून घेतात. वर्षभर डाइव्ह झाली नसेल तर आधी उजळणीची डाइव्ह कर, असं बजावणारंही कुणीतरी त्यांच्यात असतं.

लॉगबुक आणि थोडक्यात टळलेले प्रसंग

प्रत्येक डाइव्हनंतर डायव्हर नोंद करतो : किती खोल, किती वेळ, किती वजन बांधलं, हवा किती उरली, पाणी किती स्वच्छ होतं. या नोंदी एकमेकांना दाखवल्या की त्याचं ज्ञान होतं. नवख्याला बांधायच्या वजनाचा अंदाज येतो, हवा फार लवकर का संपते ते कळतं.

त्याहून मोलाचं म्हणजे काय चुकत होतं ते मोकळेपणानं सांगणं. जगभरच्या डायव्हर्सनी ही सवय मुद्दाम लावून घेतली आहे. १९५३ साली सुरू झालेला ब्रिटिश सब-ॲक्वा क्लब दरवर्षी अपघातांचा अहवाल छापतो. १९८० पासून काम करणारं डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे 'डॅन', हेही अशा घटना गोळा करतं. दोष कुणाच्या माथी मारायचा हा त्यांचा हेतू नसतो. दुसऱ्यानं तेच करू नये, एवढंच.

आणि आपला घाट!

आता खास देशावरच्यांसाठी. खोल पाण्यात शरीरात जादा नायट्रोजन विरघळतो आणि वर आल्यावर हळूहळू निघतो. म्हणून सावकाश वर यायचं आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं. पण लगेच उंचावर गेलो, तर बाहेरचा दाब कमी होतो आणि त्या वायूचे बुडबुडे होऊ शकतात. सांधे दुखणं, मुंग्या येणं, गंभीर असेल तर लकवा.

विमानाचं सगळ्यांना माहीत असतं. घाटाचं कुणी बोलत नाही. 'डॅन'च्या सूचना साधारण ६०० मीटरपासूनच्या उंचीला लागू होतात : एका डाइव्हनंतर किमान १२ तास, एकाहून जास्त डाइव्ह किंवा सलग काही दिवस केल्या तर १८ तास थांबा. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. म्हणजे दुपारी १ वाजता दुसरी डाइव्ह आटपून "रात्री जेवायला घरी" म्हणत घाट चढायचा नाही. मालवणला मुक्काम करा, मासे खा, सकाळी ७ नंतर निघा. पर्यटकांच्या एका उथळ डाइव्हमध्ये हा धोका बराच कमी असतो, तरी निघण्याआधी इन्स्ट्रक्टरला विचाराच. किनाऱ्यावर राहणाऱ्याला हा प्रश्न सुचतच नाही. तो सुचतो घाट चढून घरी जाणाऱ्यालाच.

कुणाचं ऐकायचं?

ग्रुपवर सल्ला फुकट असतो, म्हणून तो तपासून घ्या. विचारताना पूर्ण सांगा : "कान दुखला" एवढंच नको, किती मीटरवर, उतरताना की चढताना, सर्दी होती का, हेही लिहा. सांगणाऱ्याला विचारा, तुमच्या किती डाइव्ह झाल्या, कुठल्या पाण्यात? दम्याचं, हृदयाचं, औषधाचं काही असेल तर ग्रुपवर विचारत बसू नका, डॉक्टरकडे जा. आणि व्हिडिओ बघून कुठलंही कौशल्य विहिरीत किंवा कालव्यात एकट्यानं करून बघू नका. टाकी भाड्यानं मिळाली तरी नाही.

पावसाळ्यात कोकणात डायव्हिंग बंद असतं. ते महिने थिअरीला, २०० मीटरच्या सरावाला आणि बडी शोधायला वापरा. तुमच्यातलं कुणी हा कोर्स केला असेल तर व्हॉइस नोट पाठवा, विशेषतः मास्कमध्ये पाणी शिरल्यावर काय झालं ते. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवतो. भेटूच!