तलवारीआधी पाय

‘द प्रिन्सेस ब्राइड’ या १९८७ सालच्या चित्रपटातलं कड्यावरचं द्वंद्व तलवारबाजीचे शौकीन आजही पुन्हा पुन्हा बघतात. दोघेही आधी डाव्या हाताने लढतात, मग उजव्या. कसरतीच्या उड्या सोडल्या तर जवळपास सगळी लढत कॅरी एल्विस आणि मँडी पॅटिनकिन या नटांनी स्वतः केली. त्यांचे एक उस्ताद होते बॉब अँडरसन. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनतर्फे उतरलेले हे तलवारपटू पुढे ‘स्टार वॉर्स’मध्ये डार्थ व्हेडरच्या पोशाखात शिरूनही लढले. हे द्वंद्व एकदा पात्यांकडे न बघता फक्त बुटांकडे लक्ष ठेवून बघावं. खडक, पायऱ्या, उतार असं सगळं पार करतानाही दोघांमधलं अंतर फारसं बिघडत नाही. खरी मेहनत तिथे आहे.

नाटक-सिनेमाची तलवारबाजी शिकायला आलेल्यांना लगेच वार करायचे असतात. चांगला शिक्षक मात्र त्यांना आधी नुसतं उभं राहायला लावतो. पाय खांद्यांइतके फाकलेले, पुढचा चवडा समोरच्याकडे, मागचं पाऊल बाहेर वळलेलं, गुडघे सैल, वजन दोन्ही पायांवर सारखं. पुढे सरकताना आधी पुढचा पाय, मागे सरताना आधी मागचा. दुसरा पाय तेवढाच सरकतो, म्हणजे पवित्रा मोडत नाही. पाय जवळ आले की तोल गेलाच म्हणून समजा. लंज मारताना, म्हणजे पुढचा पाय लांब टाकून वार करताना, गुडघा बोटांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, नाहीतर सांधा दुखावतो आणि झटकन मागे येता येत नाही. आपल्याकडे मर्दानी खेळातही हाताआधी पवित्रे घोटून घेतात, ते उगाच नाही.

मग येतं अंतर. खेळातला तलवारपटू टोक लागावं म्हणून अंतर कमी करतो. नटाला ते लागू नये म्हणून राखायचं असतं. हात पूर्ण ताणून लंज मारला तरी टोक समोरच्याच्या अंगापासून वीतभर लांब राहिलं पाहिजे. प्रेक्षकाला ही वीत दिसत नाही, कारण समोरून बघताना खोली कळत नाही. लांब पल्ल्याची लेन्स लावली तर कॅमेराही तिला गिळून टाकतो.

सगळ्यात सुंदर युक्ती यापुढची. वार करणारा आधी समोरच्याच्या डोळ्यांत बघतो, हात मागे नेऊन वाराची स्पष्ट सूचना देतो आणि थांबतो. वार झेलणारा पाऊल मागे घेऊ लागला की मगच पातं सुटतं. म्हणजे मागे हटणारा आधी हलतो. प्रेक्षकाला मात्र वाटतं, त्याला रेटत नेलं! लढतीचा वेग खरं तर हारणाऱ्याच्या पायांत असतो, आणि म्हणून ती भूमिका अधिक तयारीच्या नटाकडे जायला हवी.

ही शिस्त हवी कशाला, याचं उत्तर इंग्लंडच्या रंगभूमीवर आहे. १९४७मध्ये ओल्डहॅमच्या कोलिझियम थिएटरात ‘मॅकबेथ’चा प्रयोग चालू असताना अखेरच्या लढाईत हॅरल्ड नॉर्मन या नटाला खरोखरच पातं लागलं. काही आठवड्यांनी त्याचा मृत्यू झाला.

आज बऱ्याच नाट्यसंस्थांत प्रत्येक प्रयोगाआधी ‘फाइट कॉल’ होतो. शंभरावा प्रयोग असला तरी. लढत आधी संथ गतीने, मग प्रयोगाच्या गतीने पूर्ण चालवून बघतात. तो वेगही शक्य तेवढा नसतो. थोडा राखूनच ठेवतात, कारण प्रयोगाच्या भरात नट आपोआप वाढवतात. आणि मध्येच कुणी पाऊल चुकलं, तर दोघेही मागे सरून आवाक्याबाहेर जातात, एकमेकांकडे रोखून बघत गोल फिरतात आणि नजर जुळली की पुढच्या वारापासून सुरू करतात.