विश्लेषण : ‘सीतेची वेणी’ हे नाव कसे पडले? हे ऑर्किड बांडगूळ आहे का?

पावसाळा तोंडावर आला की रत्नागिरी जिल्ह्यात जुन्या झाडांवर गुलाबी-पांढऱ्या फुलांचे तुरे लोंबताना दिसतात. हे रानटी ऑर्किड म्हणजे ‘सीतेची वेणी’. फुले नसताना मात्र आंब्याच्या झाडावरची ही वनस्पती बांडगूळ समजून काढली जाण्याचा धोका असतो.

नावांचा अर्थ काय?

फुलांनी गच्च भरलेला तुरा वेणीसारखा खाली लोंबतो, म्हणून ‘सीतेची वेणी’. शास्त्रीय नाव ‘ऱ्हिन्कोस्टायलिस रेटुसा’. ग्रीक भाषेत ‘ऱ्हिन्कोस’ म्हणजे चोच आणि ‘स्टायलिस’ म्हणजे स्तंभ. फुलाच्या मधला स्तंभ चोचीसारखा दिसतो. लॅटिनमधील ‘रेटुसा’ म्हणजे बोथट, टोकाला खाच असलेली. पानांची टोके तशीच असतात. कार्ल लिनियसने १७५३ मध्ये तिला ‘एपिडेन्ड्रम’ म्हणजे ‘झाडावरची’ या गटात ठेवले होते. कार्ल ब्लूमने १८२५ मध्ये ‘ऱ्हिन्कोस्टायलिस’ ही प्रजाती निर्माण केली.

ते बांडगूळ का नाही?

बांडगुळाची शोषक मुळे फांदीच्या आत शिरून झाडाचे पाणी आणि क्षार ओढून घेतात. सीतेची वेणी झाडाचा केवळ आधार घेते. तिच्या मुळांवरचे स्पंजासारखे आवरण पावसाचे, दवाचे पाणी टिपते. अन्न ती स्वतःच्या पानांत तयार करते.

फरक कसा ओळखायचा?

बांडगूळ झुडपासारखे वाढते आणि ते जिथे फांदीत घुसते तिथे अनेकदा गाठ दिसते. सीतेच्या वेणीची पाने जाड, लांबट पट्ट्यांसारखी आणि दोन ओळींत असतात. तिची पांढरट मुळे सालीवर उघडी पसरलेली दिसतात.

काढून टाकल्यास काय होते?

तिचे बी धुळीइतके बारीक असते. त्यात अन्नसाठा जवळपास नसतो. योग्य बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते आणि रोपही सावकाश वाढते. त्यामुळे काढलेल्या जुन्या वेणीची जागा लवकर भरून निघत नाही.

आसामात हेच फूल ‘कोपौ फूल’ म्हणून ओळखले जाते. ते त्या राज्याचे राज्यफूल असून बिहू नृत्यात तरुणी ते केसांत माळतात. कोकणात ते टिकवायला फारसे काही लागत नाही. बांडगूळ छाटताना कोयती चालवण्याआधी मुळे फांदीच्या आत आहेत की सालीवर, एवढे पाहिले तरी पुरे.