अतिशीत अणू आणि पुण्यातील एक प्रयोग

दिवाळे कोळीवाड्यात मासळीवर टाकलेल्या बर्फाचे तापमान निरपेक्ष मापनपट्टीवर सुमारे 273 केल्विन असते. पुण्यात पाषाण येथील ‘आयसर’मध्ये, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत, उमाकांत रापोल यांचा गट ज्या अणूंवर प्रयोग करतो त्यांचे तापमान मात्र केल्विनच्या दशलक्षांश भागांत मोजावे लागते. ही थंडी शीतयंत्राने नव्हे, तर लेसरच्या प्रकाशाने आणली जाते. खोलीच्या तापमानाला रुबिडियमचा अणू सेकंदाला सुमारे 300 मीटर वेगाने धावत असतो. त्याच्या समोरून 780 नॅनोमीटर तरंगलांबीचा, अणू शोषतो त्याहून वारंवारता किंचित कमी ठेवलेला लेसर सोडला, की समोरून येणाऱ्या अणूला ती वारंवारता नेमकी जुळल्यासारखी भासते, तो प्रकाशकण म्हणजे फोटॉन शोषत जातो आणि दर फोटॉनमागे त्याचा वेग सेकंदाला जेमतेम 6 मिलिमीटरने घटतो. असे सुमारे 50 हजार फोटॉन शोषल्यावर अणू जवळजवळ थांबतो, आणि हे सारे काही मिलिसेकंदांत उरकते.

याहून खाली उतरायचे तर सापळ्यातील अधिक तापलेले अणू निसटू द्यावे लागतात. इतक्या थंडीत अणू तरंगांसारखे वागतात; मग उरलेल्या अणूंचे तरंग एकमेकांत मिसळून सारा समूह एकाच पुंज म्हणजे क्वांटम अवस्थेत जातो; सत्येंद्रनाथ बोस यांच्या 1924 मधील विचारावरून आइनस्टाइन यांनी वर्तवलेली ही अवस्था 1995 साली अमेरिकेत बोल्डर येथे प्रथम प्रत्यक्षात आली. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सी. एस. उन्नीकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेसरच्या सापळ्यात रुबिडियम अणू त्या उंबरठ्यापर्यंत थंड केल्याचे 2007 साली प्रसिद्ध केले.

तरीही थंडी हे साधनच होय. खरा प्रश्न असा, की अणूंची सुसंगती, म्हणजे त्यांच्या तरंगांची परस्परांशी जुळलेली लय, बाहेरच्या गोंधळात किती काळ टिकते. रापोल आणि त्याच संस्थेतील एम. एस. संथानम यांच्या गटांनी 2017 साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये मांडलेला प्रयोग याच प्रश्नाला भिडतो. त्यात थंड अणूंना समोरासमोरच्या लेसर किरणांनी बनलेल्या स्थिर तरंगाचे ठरावीक अंतराने क्षणिक धक्के दिले जातात. अभिजात भौतिकीनुसार पुरेशा जोराच्या अशा धक्क्यांनी अणूंची ऊर्जा वाढतच जायला हवी. प्रत्यक्षात काही धक्क्यांनंतर तरंग एकमेकांना असे छेदतात, की ही वाढ खुंटते. धक्क्यांच्या क्रमात गोंधळ मिसळला, की सुसंगती ढळते आणि ऊर्जा पुन्हा वाढू लागते. हे ढळणे घातांकी वेगाने होते, अशी रूढ समजूत आहे. परंतु पुण्याच्या संशोधकांनी लेव्ही नावाच्या सांख्यिकीनुसार, म्हणजे मधूनमधून फार लांब शांत अंतरे पडू देणारा, गोंधळ मुद्दाम घातला, तेव्हा सुसंगती त्याहून सावकाश ओसरली आणि ओसरण्याचा वेग त्या सांख्यिकीच्या घातांकाने नियंत्रित करता आला. किती गोंधळ आहे एवढेच नव्हे, तर तो काळात कसा विखुरला आहे, हेही निर्णायक ठरते, हा या कामाचा मोलाचा निष्कर्ष होय.

अणूंच्या तरंगांवरून गुरुत्वबलातील सूक्ष्म फरक टिपणारी उपकरणे याच सुसंगतीवर उभी असतात, म्हणून या निष्कर्षाला प्रयोगशाळेबाहेरही अर्थ आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्राने राष्ट्रीय क्वांटम अभियानास 6003.65 कोटी रुपये मंजूर केले आणि पुढे त्यातील संवेदन व मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईकडे आले. त्या रकमेची चर्चा भरपूर झाली. पाषाणच्या या प्रयोगाचीही तितकीच व्हायला हवी.