एमबीबीएसचा इलेक्टिव्ह महिना: पुण्यातच काढावा की भोर-वेल्ह्यात?

तिसऱ्या एमबीबीएसचा पहिला भाग संपला की अंतिम वर्षाच्या तोंडावर विद्यार्थ्यांना आवडीच्या विषयासाठी एक महिना मिळतो. यालाच इलेक्टिव्ह म्हणतात. २०१९ च्या अभ्यासक्रमात तो दोन महिन्यांचा होता. २०२३ च्या नियमांनी तो प्रत्येकी १५ दिवसांच्या दोन टप्प्यांवर आणला.

नियम काय सांगतो?

पहिला टप्पा प्रयोगशाळा, संशोधन किंवा अतिदक्षता विभागासारख्या ठिकाणी करायचा. दुसरा क्लिनिकल विभागात, किंवा देखरेखीखाली ग्रामीण वा शहरी दवाखान्यात. ७५ टक्के हजेरी आणि पूर्ण लॉगबुक नसेल तर अंतिम परीक्षेला बसता येत नाही. बुडालेली पोस्टिंग भरून काढायला हा वेळ वापरता येत नाही.

मोठ्या रुग्णालयाचं नाव हवंच का?

अमेरिकेत विद्यार्थी दुसऱ्या रुग्णालयात महिनाभर काम करतात, तेव्हा ती रेसिडेन्सीसाठीची एक प्रकारची चाचणीच असते. आपल्याकडे पीजीची जागा नीट-पीजीच्या गुणांवर मिळते. नामांकित ठिकाणच्या १५ दिवसांनी ते गुण वाढत नाहीत. म्हणून विचारायचा प्रश्न वेगळा आहे: आपल्या कॉलेजात काय शिकायला मिळत नाही?

भोर-वेल्ह्यात काय मिळेल?

पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात रुग्ण बऱ्याचदा चिठ्ठी घेऊनच येतो. ती चिठ्ठी लिहायची की रुग्णाला इथेच ठेवायचं, हा निर्णय भोरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा वेल्ह्याचं ग्रामीण रुग्णालय अशा ठिकाणी होतो. भातलावणीच्या दिवसांत तोरण्याच्या पायथ्याहून सर्पदंशाचा रुग्ण आला, तर सूज किती चढली, पापण्या मिटताहेत का, प्रतिविष इथेच सुरू करायचं का, हे ठरवायला वेळ थोडा असतो आणि पुणे सुमारे ५० किलोमीटरवर असतं. निर्णय डॉक्टरांचाच, पण तो कसा घेतला जातो, हे विद्यार्थ्याला शेजारी उभं राहून पाहता येतं.

भोरहून वरंध घाट उतरला की महाड तालुका लागतो. तिथल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. विंचूदंशाच्या रुग्णांचं त्यांनी बारकाईने निरीक्षण केलं. प्राझोसिन या औषधाच्या वापरावरचं त्यांचं काम १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं.

निवडण्यापूर्वी काय विचारावं?

- हे ठिकाण कॉलेजच्या मंजूर यादीत आहे का? नसेल तर सामुदायिक वैद्यकशास्त्र विभागाला काही महिने आधीच विचारा.
- देखरेख कोण करणार, आणि लॉगबुकवर सही कोणाची?
- रोज रुग्ण तपासायला मिळतील, की फक्त नोंदवह्या भरायच्या?
- राहायची, जेवायची आणि रात्री येण्याजाण्याची सोय काय?

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं नीट उत्तर मिळालं नाही, तर ठिकाण बदला. मग ते पुण्यातलं असो की वेल्ह्यातलं.