सोंगातली चिप आणि तिचं बिऱ्हाड

मायक्रोसॉफ्टने जून 2021 मध्ये विंडोज 11 जाहीर केली, तेव्हा तिच्या एका अटीपाशी पुष्कळजण अडले. संगणकात टीपीएम 2.0 हवं, नाहीतर ही विंडोज बसणार नाही. टीपीएम म्हणजे मदरबोर्डवरची इवलीशी सुरक्षा-चिप. गुप्त किल्ल्या सांभाळायच्या आणि संगणक सुरू होताना कोणकोणतं सॉफ्टवेअर चाललं याची नोंद ठेवायची, हे तिचं काम. पण ज्या संगणकाला मुळात मदरबोर्डच नाही, त्याने चिप आणायची कुठून?

असे बिनदेहाचे संगणक सर्व्हरच्या पोटात रात्रंदिवस राबत असतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. लिनक्सवर त्यांच्या हार्डवेअरचं सोंग क्यूईएमयू हा प्रोग्रॅम वठवतो. फॅब्रिस बेलार्ड यांनी तो 2003 मध्ये लोकांपुढे आणला. आतली विंडोज समजते की इंटेलचं नेटवर्क कार्ड बसवलंय. ती कार्डाच्या रजिस्टरमध्ये एक आकडा लिहिते, क्यूईएमयू तो वरच्यावर झेलतो आणि खऱ्या कार्डाने जे केलं असतं तेच करून दाखवतो.

या सगळ्या मशीनांचा कारभार पाहणारं सॉफ्टवेअर म्हणजे लिबव्हर्ट. कोणत्या मशीनला किती मेमरी, कोणती डिस्क, कोणतं कार्ड, हे एका एक्सएमएल फाइलमध्ये लिहून द्यायचं. पुढचं ते बघतं. सोंगातल्या टीपीएमची सोय क्यूईएमयूमध्ये 2017 च्या अखेरीस आली आणि लिबव्हर्टने ती 2018 मध्ये आपलीशी केली. एक्सएमएलमध्ये त्यासाठी जेमतेम तीन-चार ओळी लागतात: चिपचं मॉडेल, ती एम्युलेटरवर चालणार हे, आणि आवृत्ती 2.0.

त्या ओळींमागे किती काम आहे, हे मला मोलाचं वाटतं. हातातल्या क्यूईएमयूला हे मॉडेल येतं का, हे लिबव्हर्ट आधी त्यालाच विचारतं. मग चिपची भूमिका करणारा स्वतंत्र प्रोग्रॅम, एसडब्ल्यूटीपीएम, सुरू करतं आणि दोघांना सॉकेटने जोडून देतं. हा प्रोग्रॅम वेगळा आणि कमी अधिकारांत ठेवण्यामागे कारण आहे. प्रत्येक सोंग म्हणजे आतल्या मशीनमधून सर्व्हरकडे उघडणारी एक फट असते. 2015 मध्ये क्यूईएमयूच्या फ्लॉपी कंट्रोलरमध्ये 'व्हेनम' नावाची चूक सापडली. ती 2004 पासून तिथे होती, आणि मशीनमधून फ्लॉपी ड्राइव्ह काढून टाकला तरी कंट्रोलर मागे उरायचाच.

खरा पेच मात्र चिपच्या स्मरणशक्तीचा. मशीन बंद केलं की नेटवर्क कार्ड सगळं विसरतं, कुणाचं काही बिघडत नाही. टीपीएमला विसरून चालत नाही. विंडोजचं बिटलॉकर डिस्क कुलूपबंद करतं आणि किल्ली या चिपच्या हवाली करतं. म्हणून प्रत्येक मशीनच्या टीपीएमची स्मृती सर्व्हरवर, त्या मशीनच्या ओळखक्रमांकाच्या फोल्डरमध्ये जपून ठेवावी लागते. चालू मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवायचं झालं, तर बिऱ्हाड हलवताना घागरींपासून देव्हाऱ्यापर्यंत सगळं न्यावं तसं मेमरी आणि प्रोसेसरच्या स्थितीबरोबर चिपच्या मनातलंही न्यावं लागतं. आतल्या विंडोजला घर बदलल्याचा पत्ताही लागता कामा नये.

आणि नोंद काढून टाकताना काय? लिबव्हर्टमधून मशीनची नोंद काढली की सोबत टीपीएमचा फोल्डरही पुसला जाई. पण नोंद काढणारा दरवेळी मशीन संपवत नसतो; पुष्कळदा त्याला तीच नोंद नव्याने लिहायची असते. तेवढ्या वेळात किल्ली नाहीशी झाली, तर डिस्क जागेवर असूनही सुरू होताना बिटलॉकर रिकव्हरी की मागणार. म्हणून नोंद काढण्याच्या आज्ञेला पुढे एक वेगळा पर्याय जोडला गेला: मशीनची नोंद जाऊ दे, टीपीएम ठेव. त्याच ओळखक्रमांकाने मशीन पुन्हा नोंदवलं की चिप जिथे होती तिथेच, किल्लीसकट सापडते.