विमानभाडे : दिसणारे आणि द्यावे लागणारे

एस.टी.चे भाडे टप्प्यांवरून ठरते. अंतर कळले, की सवलतींचा भाग वगळता तिकिटाची रक्कमही कळते आणि शेजारच्या आसनावरील प्रवाशाने तेवढेच पैसे मोजले असतील याविषयी कोणाच्या मनात संदेह नसतो. विमानाच्या बाबतीत असा निर्वाळा देता येत नाही. पुण्याहून दिल्लीस निघालेल्या एकाच विमानात, एकाच रांगेत बसलेल्या तीन प्रवाशांनी तीन निरनिराळी भाडी दिलेली असणे ही नित्याची गोष्ट आहे. ज्याने सर्वांत अधिक पैसे मोजले, त्यास आसन अधिक रुंद मिळते असे नाही, की तो दिल्लीस आधी पोहोचतो असेही नाही.

विमानप्रवास ही आता केवळ धनिकांची बाब राहिलेली नाही. मुलाखतीसाठी दिल्लीहून बोलावणे आलेला जिल्ह्याच्या गावचा उमेदवार, शस्त्रक्रियेसाठी चेन्नईस न्यावयाचा रुग्ण आणि त्याच्या सोबतचा नातेवाईक, थोड्या दिवसांच्या रजेवर घरी यावयाचा जवान या सर्वांना प्रसंगी विमानाचा आधार घ्यावा लागतो. अशा कुटुंबास तिकिटामागे दोन-तीन हजार रुपयांचा फरक म्हणजे घरातील महिन्याचा किराणा होय. आणि ‘गुरुजी, तेवढे मोबाइलवर तिकीट काढून द्या’ अशी विनंती गावोगाव शिक्षकांकडे आणि ग्रामपंचायत सदस्यांकडेच येत असल्यामुळे, संकेतस्थळांवर भाड्यांची तुलना कशी करावी हे त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

भाडे ठरते कसे?

१९५३ च्या कायद्याने देशातील विमानसेवेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि देशांतर्गत प्रवासाची जबाबदारी इंडियन एअरलाइन्सकडे आली. त्या काळी भाड्याचा तक्ता ठरलेला असे. १९९४ साली तो कायदा रद्द झाला, खासगी कंपन्यांना नियमित सेवेचा मार्ग मोकळा झाला आणि २००३ साली एअर डेक्कनने अल्पदरातील विमानसेवा सुरू केली. आज भाडे ठरविण्याचा अधिकार सर्वसाधारणपणे कंपन्यांचाच आहे. शासनाने त्यात हस्तक्षेप केल्याचे प्रसंग थोडे आहेत. कोरोनाच्या साथीनंतर २५ मे २०२० रोजी देशांतर्गत उड्डाणे पुन्हा सुरू झाली, तेव्हा भाड्याच्या किमान व कमाल मर्यादा घालून देण्यात आल्या होत्या. त्या ३१ ऑगस्ट २०२२ पासून उठविण्यात आल्या.

कंपनी आपल्या विमानातील आसने एकाच भावाने विक्रीस काढत नाही. ती त्यांचे भाडेस्तर पाडते. समजा, १८० आसनांच्या विमानात पहिली २० आसने साडेतीन हजारांना, पुढील ४० साडेचार हजारांना, त्यापुढील काही सहा हजारांना, अशी वाटणी केलेली आहे. खालचा स्तर संपला, की संगणक आपोआप वरचा भाव दाखवू लागतो. मागणी रोडावली, तर मिटलेला खालचा स्तर पुन्हा उघडलाही जातो. स्वस्त आसन आज विकावे, की अधिक पैसे देणाऱ्या उद्याच्या प्रवाशासाठी राखून ठेवावे, याचा गणिती आडाखा ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनमधील केन लिटलवुड यांनी १९७२ साली मांडला होता. पुढे अमेरिकन एअरलाइन्सने हे तंत्र संगणकाच्या साहाय्याने विकसित केले आणि जानेवारी १९८५ मध्ये ठराविक आसनांपुरते अत्यल्प भाडे जाहीर करून पीपल एक्सप्रेस या स्वस्त कंपनीस नामोहरम केले. स्वस्त भाड्याचीच ख्याती असलेली ती कंपनी १९८७ साली दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. आपल्या मोबाइलवर क्षणाक्षणाला बदलणारा आकडा हा त्याच हिशेबाचा वंशज आहे.

आपल्याकडील ‘उडान’ योजनेतही असे दोन भाव एका विमानात नांदतात. २७ एप्रिल २०१७ रोजी या योजनेखालील पहिल्या उड्डाणांत नांदेड–हैदराबाद या मार्गाचा समावेश होता. सुमारे तासाभराच्या प्रवासासाठी २,५०० रुपयांची जी मर्यादा त्या वेळी गाजली, ती विमानातील सर्वच आसनांना नव्हे, तर साधारणतः निम्म्या आसनांना लागू होती. उरलेली आसने बाजारभावाने विकली जात. आधी येईल त्यास मर्यादेतील आसन, असा हा मामला होता.

स्तरांची ही रचना ध्यानात घेतली, की एका प्रश्नाचे उत्तर सहज मिळते. एका प्रवाशासाठी चौकशी केली तर चार हजार आणि चौघांसाठी केली तर प्रत्येकी पाच हजार, असे का दिसते? खालच्या स्तरात दोनच आसने शिल्लक असतील, तर संगणक चौघांनाही वरच्या स्तराचा भाव सांगतो. म्हणून कुटुंबासाठी तिकिटे काढताना प्रथम एका प्रवाशाचा भाव पाहावा. फरक दिसल्यास दोन-दोन तिकिटे स्वतंत्रपणे काढण्याचा विचार करावा. मात्र अशा वेळी दोन वेगळे पी.एन.आर. क्रमांक मिळतात आणि विमान रद्द झाल्यास किंवा वेळ बदलल्यास दोन्हींची व्यवस्था निरनिराळी लावावी लागते. सोबत वृद्ध आईवडील असतील, तर एवढ्या बचतीसाठी त्यांना वेगळ्या क्रमांकावर घालू नये, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पुनःपुन्हा चौकशी केल्याने संकेतस्थळ आपणास हेरते आणि भाव चढविते, अशीही समजूत रूढ आहे. दुसऱ्या वेळी वाढलेल्या भावाचे साधे कारण बहुधा हेच असते, की मधल्या काळात कोणीतरी खालच्या स्तरातील शेवटचे आसन घेतलेले असते.

संकेतस्थळांचे प्रकार

गूगल फ्लाइट्स किंवा स्कायस्कॅनर यांसारखी संकेतस्थळे मुख्यतः तुलना करून देतात. तेथे महिन्याच्या दिनदर्शिकेवर प्रत्येक दिवसाचे किमान भाडे दिसते. मंगळवारी निघावे की शुक्रवारी, हे ठरविण्यास त्याचा मोठा उपयोग होतो. मेकमायट्रिप, क्लिअरट्रिप, यात्रा ही दलाली करणारी संकेतस्थळे असून ती स्वतः तिकीट विकतात. तिसरे म्हणजे विमान कंपनीचे स्वतःचे संकेतस्थळ. तुलना पहिल्या ठिकाणी करावी आणि खरेदीपूर्वी तेच उड्डाण कंपनीच्या संकेतस्थळावर अवश्य पाहावे. भाव सारखा असेल, तर थेट कंपनीकडून घेतलेले तिकीट बदलणे वा रद्द करणे तुलनेने सोपे जाते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पडद्यावर वीस ओळी दिसल्या म्हणजे वीस विक्रेते आपल्यासाठी स्पर्धा करीत आहेत, असे नव्हे. जेट एअरवेजची सेवा एप्रिल २०१९ मध्ये थांबली, गो फर्स्टची मे २०२३ मध्ये. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. २०२५ साली देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक एकट्या इंडिगोने वाहून नेले. अनेक मार्गांवर त्या वीस ओळी दोन-तीन कंपन्यांच्याच असतात. संकेतस्थळ तुलना करून देते; स्पर्धा निर्माण करणे त्याच्या हाती नसते.

शेवटच्या पानावरील रक्कम

तुलना नेहमी शेवटच्या पानावरील रकमेची करावी. समजा, एका ठिकाणी ४,१०० रुपये आणि दुसऱ्या ठिकाणी ४,३५० रुपये भाडे दिसते. पहिल्या ठिकाणी पुढे ४०० रुपये सुविधा शुल्क, आपण न मागता खूण केलेला २५० रुपयांचा प्रवास विमा आणि ३५० रुपये आसन निवडीचे लागले, तर बेरीज ५,१०० होते. दुसऱ्या ठिकाणी केवळ ३५० रुपये सुविधा शुल्क असेल, तर ४,७०० मध्ये काम भागते. आसन निवडण्यासाठी पैसे देणे सक्तीचे नसते. न निवडल्यास कंपनी चेक-इनच्या वेळी उपलब्ध आसन देते. परंतु तो पर्याय पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतो.

ग्राहकाची अशी दिशाभूल करणाऱ्या मांडणीविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली असून त्यांत तेरा प्रकार नमूद केले आहेत. न मागितलेली वस्तू खरेदीत सरकवणे, रक्कम टप्प्याटप्प्याने उघड करणे, ‘दोनच जागा शिल्लक’ अशी खोटी घाई निर्माण करणे आणि विमा नाकारणाऱ्यास खजील करणारी वाक्ये लिहिणे, हे त्यांपैकी आहेत. पैसे भरण्यापूर्वी प्रत्येक खूण वाचून नको ती काढणे, हा काम फार तर दोन मिनिटांचे. घाईत नेमके तेच राहून जाते.

सामानाचाही हिशेब करावा. देशांतर्गत प्रवासात सर्वसाधारणपणे १५ किलो सामान विनामूल्य नेता येते. मात्र काही स्वस्त तिकिटांत केवळ हातातील पिशवीच अंतर्भूत असते. विद्यार्थी, सशस्त्र दलांतील व्यक्ती आणि ज्येष्ठ नागरिक यांच्यासाठी संकेतस्थळांवर वेगळे पर्याय असतात. त्यांचा भाव कधी कधी साध्या भावाइतकाच निघतो, म्हणून दोन्ही पाहावेत. आणि विमानतळावर ओळखपत्र मागितले जाते, हे विसरू नये.

विमानतळ कोणता, हा प्रश्न आता अधिक महत्त्वाचा झाला आहे. गोव्यात दाभोळीखेरीज जानेवारी २०२३ पासून मोपा येथूनही उड्डाणे होतात. सावंतवाडीच्या प्रवाशास मोपा सोयीचे. पण मडगावास जाणाऱ्याने पाचशे रुपये वाचविण्यासाठी मोपाचे तिकीट घेतले, तर ती बचत टॅक्सीत जाते. मुंबईच्या बाबतीतही डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळाचा पर्याय आला आहे. तिकिटावर विमानतळाचे पूर्ण नाव वाचावे. तसेच रात्री दोनला सुटणारे विमान स्वस्त असले, तरी नाशिक वा सोलापूरहून येणाऱ्याने त्या वेळी विमानतळ गाठण्याचा खर्च त्यात मिळवूनच पाहावे.

शासकीय कामासाठी प्रवास करणाऱ्यांचे नियम वेगळे आहेत. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी अर्थ मंत्रालयाने जून २०२२ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आय.आर.सी.टी.सी. या तीनच अधिकृत संस्थांमार्फत तिकीट घ्यावयाचे असून, शक्यतो एकवीस दिवस आधी आणि त्या वेळच्या गटातील सर्वांत कमी भाड्याचे उड्डाण निवडावे, असे सांगण्यात आले. राज्य शासकीय अधिकाऱ्यांनी आपल्या विभागाचे प्रचलित आदेश पाहूनच आरक्षण करावे. बाहेरच्या संकेतस्थळावर दोनशे रुपये वाचले आणि देयक मात्र नामंजूर झाले, असे होता कामा नये.

नाव आणि परतावा

तिकिटावरील नाव ओळखपत्राशी जुळले पाहिजे. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव अशी तिपेडी पद्धत असते. संकेतस्थळ मात्र पहिले नाव आणि शेवटचे नाव अशा दोनच चौकटी देते. विवाहानंतर आधारवर एक आडनाव आणि तिकिटावर दुसरे, असेही घडते. म्हणून आधारपत्र समोर ठेवूनच स्पेलिंग भरावे. नंतरच्या दुरुस्तीस शुल्क पडू शकते आणि स्वस्त तिकिटावर ते विशेष जाणवते.

तिकिटावर ‘परतावा नाही’ असे लिहिलेले असले, तरी ते मूळ भाड्यापुरते असते. तिकीट रद्द केले किंवा विमान चुकले, तरी वैधानिक कर आणि विमानतळ वापर शुल्कासारख्या रकमा परत करणे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार कंपनीस बंधनकारक आहे. तिकीट दलालामार्फत घेतले असल्यासही परताव्याची जबाबदारी कंपनीचीच राहते. हा परतावा पुष्कळजण मागतच नाहीत. तो मागण्यासाठी ‘ग्राहक सेवा’ असा शोध घेऊन मिळालेल्या कोणत्याही क्रमांकावर दूरध्वनी करू नये. त्यांत भामट्यांचे क्रमांक असतात आणि परताव्याच्या नावाखाली ते खातेच रिकामे करतात. क्रमांक तिकिटावरून किंवा कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. कंपनीने दाद न दिल्यास केंद्र शासनाच्या ‘एअरसेवा’ संकेतस्थळावर किंवा राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.